खलाशी पणजोबांचा माग काढताना आधी जहाज शोधा

बोटीवर गेलेल्या पणजोबांचं नाव शोधयंत्रात टाकायचं आणि काही सापडलं नाही की सोडून द्यायचं, असं बहुतेकांचं होतं. ब्रिटिश जहाजांवरच्या नोकरभरतीचे करार (त्यांतच खलाशांची यादी असते) लावले आहेत ते जहाजाच्या अधिकृत क्रमांकानुसार, माणसाच्या नावानुसार नव्हे.

हा क्रमांक १८५५ पासून दिला जातो. ब्रिटिश नोंदवहीत असेपर्यंत जहाजाचं नाव बदललं तरी तो बदलत नाही. एकाच नावाची दोन-तीन जहाजं सर्रास असतात, म्हणून नावावर विसंबू नका. घरात जुनी सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकऱ्यांची नोंद असलेली वही, असेल तर काम सोपं: जहाजाचं नाव, क्रमांक, चढल्या-उतरल्याच्या तारखा आणि बंदरं, हुद्दा, वर्तनाचा शिक्का, सगळं एका ओळीत मिळतं. वही नसेल तर पत्रं, मनीऑर्डरीच्या पावत्या, फोटोमागचा मजकूर पाहा. जहाजाचं नाव कळलं की क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर क्रमांक फुकट मिळतो.

पुढचा प्रश्न कागद कुठे आहेत हा. १८६१ ते १९३८ चे करार विखुरले आहेत: सुमारे १० टक्के लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, ५ ने संपणाऱ्या वर्षांचे ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाकडे आणि बहुतांश कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले क्यूला, ‘बीटी ३८१’ मालिकेत. १९१५ च्या याद्या ऑनलाइन फुकट आहेत. हात बसवायला तिथूनच सुरुवात करावी.

प्रत मागवताना क्रमांक आणि वर्ष द्या. वर्ष सफर संपल्याचं, सुटल्याचं नव्हे. शिवाय ‘आशियाई खलाशांचा करार’ असं स्पष्ट लिहा. गोऱ्या आणि हिंदी खलाशांचे करार वेगवेगळे होत. हे न लिहिल्यास फक्त गोऱ्यांची यादी हाती पडू शकते, आणि पैसे तर गेलेलेच.

यादी आली की आडनावाचा हट्ट सोडा. कोकणी मुसलमान खलाशाचं नाव बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं, एवढंच. रत्नागिरीचं ‘रटनागेरी’ झालेलं असतं. वय अंदाजे. गोव्याच्या स्टुअर्डांची (जहाजावर खानपान सांभाळणाऱ्यांची) नावं नीट लिहिलेली, पण फर्नांडिस आणि डिसोझा इतके की गाव किंवा वडिलांचं नाव जुळल्याशिवाय काही ठरवू नये. जन्मस्थान ‘बॉम्बे’ दिसलं तर ते अनेकदा नुसतं भरतीचं बंदर असतं.

म्हणून यादी वरून खाली वाचा. सारंग म्हणजे डेकवरच्या टोळीचा म्होरक्या. तो पुष्कळदा आपल्याच गावची, नात्यातली पोरं भरायचा. त्याच्या खाली तांडेल (सारंगाचा मदतनीस), कसाब (भांडारी), खलाशी. सारंग तुमच्या पंचक्रोशीतला निघाला तर ती पानं बारकाईनं पाहा. त्यातल्या मागच्या जहाजाच्या रकान्यात पुढचा धागा असतो: त्या जहाजाचा क्रमांक काढा आणि एकेक करार मागे जा.

युद्धात बुडालेल्यांसाठी मात्र नावानंही शोधता येतं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या, युद्धात मेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या यादीत १९१४–१८ च्या, कबर नसलेल्या हिंदी खलाशांची नावं मुंबईच्या स्मारकाखाली आहेत. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये ते स्मारक आहे. नाव जुळेना तर जहाजाच्या नावानं चाळा. उदाहरणार्थ पी अँड ओ या जहाज कंपनीची ‘पर्शिया’, जी ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ बुडाली.