मानेची नस, पाच डबे आणि अण्णांची माळ

डॉक्टरांनी अण्णांच्या मानेला स्टेथोस्कोप लावला तेव्हा मी शेजारीच उभी होते. "इथं सूं सूं येतंय," म्हणाले आणि डॉपलर, म्हणजे नसेतल्या रक्ताचा वेग बघणारी सोनोग्राफी, लिहून दिली. डावीकडची कॅरॉटिड, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली मोठी नस, ५० ते ६९ टक्के अरुंद निघाली. त्रास काहीच नव्हता. अ‍ॅस्पिरिन ७५, अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४०, बीपीची गोळी चालू झाली. ऑपरेशन नको, सहा महिन्यांनी परत डॉपलर.

चौथ्या दिवशी काका पाच डब्यांचं किट घेऊन हजर. महिन्याचे ८,४०० रुपये. "नस धुऊन निघते, गोळ्या सुटतात."

माझं सांगलीत मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. पण अण्णांना "टाकून द्या" म्हटलं असतं तर त्यांनी ते डबे उशीखाली ठेवून घेतले असते. गिऱ्हाइकांचं हेच बघत आलेय. म्हणून नाही न म्हणता जे केलं, ते सांगते. तुमच्या घरी असं किट आलं तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी, चालू गोळ्यांतली एकही बंद करायची नाही. किटमधल्या कागदावर "तीन आठवड्यांनी अ‍ॅलोपॅथी कमी करा" असं छापलेलं होतं. तो कागद मी तिथल्या तिथे काढून घेतला. लोकांना वाटतं नस म्हणजे मोरीचा पाइप, सोडा ओतला की मळ निघेल. तसं नसतं. चरबीचा थर नसेच्या अस्तराच्या आत असतो, वर नाही. आणि लकवा बहुतेक वेळा नस हळूहळू बंद होऊन येत नाही. तो थर फुटतो, त्यावर गुठळी बनते आणि तिचा तुकडा उडून मेंदूत जातो. स्टॅटिन कोलेस्टेरॉल उतरवतंच, शिवाय तो थर घट्ट करतं, सहज फुटू देत नाही. अ‍ॅस्पिरिन गुठळीला अडवतं. तो अडसर काढून घ्यायचा आणि वर पावडर प्यायची, हा सौदा कुणाच्याच फायद्याचा नाही.

मग डबे टेबलावर मांडा आणि लेबल वाचा. पुढची बाजू नको, मागची, बारकोडखालची. चष्मा लागेल. १४ आकडी एफएसएसएआय (सरकारी अन्न सुरक्षा खात्याचा) नंबर दिसला की समजायचं, कायद्याने हे अन्न आहे, औषध नाही. "औषधी वापरासाठी नाही" असंही तिथेच इंग्रजीत असतं. काकांना ते वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "ते सरकारी असतंय, लिहावं लागतंय." बरं. सरकारचंच बोलायचं तर जादूटोणा छाप औषधांच्या जाहिरातींवरचा १९५४ चा कायदा आहे. ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी, त्या यादीत धमन्या कडक होणं दुसऱ्या नंबरला आहे.

आता एकेक डबा. पहिला रेड यीस्ट राईस, लाल बुरशीने आंबवलेला तांदूळ. तांदूळच आहे म्हणून अण्णा खूष. त्यात मोनॅकोलिन के असतं, आणि ते म्हणजेच लोव्हास्टॅटिन, रेणूसुद्धा तोच. अ‍ॅटोर्वास्टॅटिन चालू असताना हे घेतलं की एकाच जातीची दोन औषधं पोटात जातात. मांड्या दुखायला लागतात, लिव्हरवर ताण येतो. हा डबा थेट बाजूला.

दुसरा नाटोकायनेज, जपानी आंबवलेल्या सोयाबीनमधलं एंझाइम. पत्रकात चीनमधल्या ७६ रुग्णांचा अभ्यास होता, थर तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी झाल्याचा. त्यानंतर अमेरिकेत २६५ लोकांना तीन वर्षं दिलं. २०२१ मध्ये निकाल आला, मानेच्या नसेच्या जाडीत फरक नाही. डोस वेगळे होते, हे खरं. पण ते रक्त पातळ करतं, आणि अण्णा आधीच अ‍ॅस्पिरिनवर. तोही बाजूला.

तिसरा लसूण-हळद-मिरी अर्क. फोडणीतला लसूण खुशाल खा, डब्यातला अर्क वेगळा. अ‍ॅस्पिरिनबरोबर रक्तस्राव वाढू शकतो, आणि हळदीच्या अर्काने लिव्हर सुजल्याच्या केसेस आहेत. २०२२ मध्ये १९० लोकांवर २८ दिवसांची एक चाचणी झाली. रोसुव्हास्टॅटिन ५ या दुसऱ्या स्टॅटिनने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ३८ टक्क्यांच्या आसपास उतरलं. लसूण, हळद, दालचिनी, फिश ऑइल, रेड यीस्ट राईस, सगळे साध्या खोट्या गोळीच्या पंक्तीला. खर्च रोसुव्हास्टॅटिनच्या कंपनीने केला होता, हेही सांगून ठेवते. गुग्गुळाचं विचाराल, तर २००३ च्या चाचणीत त्याने एलडीएल उलट वाढलं होतं.

चौथा व्हिटॅमिन सी आणि लायसिनची संत्र्याच्या चवीची पावडर. "नोबेलवाल्याचा फॉर्म्युला" म्हणे. लायनस पॉलिंगना दोन नोबेल मिळाली, १९५४ चं रसायनाचं आणि १९६२ चं शांततेचं. सी आणि लायसिनने नसा साफ होतात, या कल्पनेसाठी नव्हे. अण्णांना पूर्वी मूतखडा झालाय, आणि ग्रॅमच्या मापात सी घेतलं की खड्याचा धोका वाढतो. बाजूला.

पाचव्याला मला काही बोलावंच लागलं नाही. फिश ऑइल! अण्णा माळकरी. डब्यावरचा तपकिरी त्रिकोण दाखवला, तसे ताडकन उठले. "माशाचं तेल हाय व्हय?" काका खाली बघत राहिले.

तुमच्याकडे एखादा डबा उरलाच, तर एका वेळी एकच सुरू करा, झाकणावर तारीख घाला आणि सगळे डबे पिशवीतून डॉक्टरांकडे न्या. दात काढायच्या आधी, ऑपरेशनच्या आधीही हे सांगायचंच. बायोटिन (केसांच्या गोळ्यांत असतं ते व्हिटॅमिन) असेल तर रक्त द्यायच्या आधी लॅबला सांगा, थायरॉइडचे आकडे चुकतात.

फायदा मोजायचा तर एलडीएल आणि बीपीवर मोजा. अण्णांचं एलडीएल १३२ वरून ६४ वर आलं, फक्त गोळीने. डॉपलरच्या आकड्यावर फार उड्या मारू नका. टक्केवारी तिथे पट्टीने मोजत नाहीत, रक्ताच्या वेगावरून काढतात. सेकंदाला १२५ सेंटीमीटरच्या वर वेग म्हणजे ५० टक्क्यांच्या वर, २३० च्या वर म्हणजे ७० च्या वर, साधारण असा हिशेब. अण्णांचा वेग आधी १४८ होता, सहा महिन्यांनी दुसऱ्या सेंटरवर १३१. काका म्हणाले, "उतरलं की!" पट्टा तोच आहे, ५० ते ६९ चा. मशीन वेगळं, हात वेगळा, मानेचा कोन वेगळा. शक्यतो त्याच सेंटरला, त्याच डॉक्टरांकडे जा.

एक कागद फ्रिजवर चिकटवा: तोंड वाकडं, हात गळाला, जीभ जड, एका डोळ्यापुढे पडदा. यातलं एक जरी दिसलं तरी १०८. दहा मिनिटांत बरं वाटलं तरीही त्याच दिवशी हॉस्पिटल. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. लक्षणं येऊन गेल्यावर नस ७० टक्क्यांच्या वर अरुंद निघाली, तर ऑपरेशनचा विचार लवकर करतात, शक्यतो दोन आठवड्यांत. तिथे कुठलाच डबा मध्ये आणायचा नाही.

किटच्या आठ पानी पत्रकात बिडीचा शब्द नव्हता. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते अण्णा, दिवसाला एक बंडल. आता दोन बिड्यांवर आलेत, एक सकाळची आणि एक पूजेनंतरची. ती पूजेनंतरची काही सुटत नाही.