इंग्लिश बोलायचंय? मग आधी 'लाव' आणि 'काढ' सोडवा

आपल्या बेळगाव भागातल्या पोरापोरींना एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, तुम्हाला नवी भाषा शिकता येते हे तुम्ही कधीच दाखवलंय. घरात मराठी, बाजारात आणि बसमध्ये कन्नड. आता आठवून बघा, ते कन्नड कुणी डिक्शनरी घेऊन शिकवलं होतं काय? कंडक्टर "टिकेट तगोरी" म्हणाला, आपण भाजीवालीला "अर्धा किलो कोडरी" म्हणालो, झालं. अख्खं वाक्य कानावर पडलं, त्याच जागी चार वेळा वापरलं आणि तोंडात बसलं. मग इंग्लिश म्हटलं की आपण वही घेऊन स्पेलिंग पाठ करायला का बसतो, हे मला खरंच कळत नाही.

मी पण तसाच बसायचो. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत दहावी, मग डिप्लोमा, मग पुण्याला पहिला इंटरव्ह्यू. पहाटेची बस वाटेत बंद पडली, मी तासभर उशिरा पोचलो आणि साहेबांनी पहिलाच प्रश्न केला की उशीर का झाला. डेडिकेशन, डिटरमिनेशन, पंक्च्युअल असले शब्द मी महिनाभर घोकलेले, पण "गाडी बंद पडली" एवढंच येईना. "द बस ब्रोक डाउन", बस्स. ब्रेक पण माहीत होता आणि डाउन पण माहीत होता, पाचवीपासून. दोन्ही एकत्र कधी ऐकलेच नव्हते. ती नोकरी गेली, पण परत येताना बसमध्येच ठरवलं की आता मोठे शब्द बास, आपण रोज तोंडानं जे बोलतो तेच आधी इंग्लिशमध्ये आणायचं.

तर पहिलं काम हे करा. एक दिवस मोबाइलमध्ये नुसतं लिहून ठेवा की सकाळपासून तुम्ही काय काय बोललात. "जरा थांब, आलोच", "पाणी संपलंय", "उद्या बघू", "रेंज नाही इथं", "सुट्टे आहेत काय". वीस-पंचवीस वाक्यं सहज निघतात आणि तोच तुमचा पहिला धडा. पाणी संपलं म्हणजे "वी हॅव रन आउट ऑफ वॉटर", काम पुढं ढकललं म्हणजे "पुट इट ऑफ", जाता जाता सोडतो म्हणजे "आय विल ड्रॉप यू ऑफ". बघा, रन, पुट, ड्रॉप, सगळे बारके शब्द.

आता खरी गाठ कुठं आहे ते सांगतो, मराठीतलं एकच क्रियापद इंग्लिशमध्ये दहा ठिकाणी फुटतं. आपलं 'लाव' घ्या. लाइट लाव म्हणजे टर्न ऑन, दार लाव म्हणजे क्लोज, कुलूप लाव म्हणजे लॉक, फोन लाव म्हणजे कॉल, गजर लाव म्हणजे सेट, खुर्च्या लाव म्हणजे अरेंज, मलम लाव म्हणजे अप्लाय, आणि पावसाळ्यात शेतात भाताचं रोप लावतो ते ट्रान्सप्लांट. 'काढ'चं पण तेच. फोटो काढला तर टेक, चप्पल काढली तर टेक ऑफ, पैसे काढले तर विड्रॉ, चित्र काढलं तर ड्रॉ, विषय काढला तर ब्रिंग अप, वेळ काढला तर मेक टाइम, आणि भांडण काढलं तर पिक अ फाइट. अशी एक-एक पानं 'घाल', 'बस', 'पड', 'सोड' यांची करा. मला कुठल्याही क्लासपेक्षा ह्या चार-पाच पानांचा जास्त उपयोग झालाय.

म्हणूनच शब्द एकटा कधी लिहू नका, जोडीदारासकट लिहा. चूक करणे म्हणजे मेक अ मिस्टेक, तिथं डू चालत नाही. जोराचा पाऊस म्हणजे हेवी रेन, पण कडक चहा म्हणजे स्ट्राँग टी. डोकं दुखालंय तर "माय हेड इज पेनिंग" नको, "आय हॅव अ हेडेक". आणि आपण कॉलेज संपल्यावर "पास आउट झालो" म्हणतो ते भारतात चालतं, पण बाहेरच्या माणसाला वाटेल तुम्ही बेशुद्ध पडलात, त्याच्याशी बोलताना "ग्रॅज्युएटेड" म्हणा.

किती शब्द लागतात म्हणाल तर घाबरण्याइतके नाहीत. २०१३ साली ब्राउन, कलिगन आणि फिलिप्स या तिघांनी न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट नावाची यादी काढली, त्यात साधारण २८०० शब्द आहेत आणि नेहमीच्या इंग्लिश मजकुराचा ९० टक्क्यांहून जास्त भाग तेवढ्यातच येतो. नुसत्या बोलण्यासाठीची यादी तर ७०० च्या आसपासचीच आहे. नेटवर फुकट मिळते, बघून घ्या, त्यातले निम्मे शब्द तुम्हाला आत्ताच येत असतील.

विसरायचं काय करायचं? कुंद्याचे तीन रिकामे डबे घ्या. चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी वाक्य, मागं इंग्लिश. पहिला डबा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं. बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या डब्यात, चुकलं की परत पहिल्यात. ही पद्धत लाइटनर नावाच्या माणसानं १९७२ मध्ये पुस्तकात मांडली, आणि दिवसाला पाचच नवीन चिठ्ठ्या घाला, हावरटपणा केला की आठ दिवसात सगळं बंद पडतं. उच्चार मात्र फोनवर ऐकूनच घ्या, स्पेलिंगवर जाऊ नका, कम्फर्टेबल हे बोलताना कम्फ्टबल होतं.

मग राहिलं बोलणं. गावात इंग्लिश बोललं की "लई शाना झालास" म्हणणारे भेटतातच, त्यानं किती चांगल्या पोरांची तोंडं बंद झालीत ते बघितलंय मी, म्हणून वाईट वाटतं. न हसणारा एकच जोडीदार शोधा, खानापूर-बेळगाव बसमध्ये रोज दहा मिनिटं पुरतात. आणि शब्द अडला तर थांबू नका, वळसा घाला. विळीला इंग्लिशमध्ये काय म्हणतात माहीत नाही? "इट्स अ ब्लेड ऑन अ वुडन बोर्ड, वी सिट अँड कट व्हेजिटेबल्स ऑन इट", समोरच्याला कळलं की. ऐकू आलं नाही तर "सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट", हे वाक्य पहिल्याच दिवशी पाठ करा, ह्याच्यामुळं निम्मी भीती जाते.

आणि बोलणं संपवून निघताना आपण "येतो" म्हणतो ना, तिथं "आय अ‍ॅम कमिंग" म्हणू नका, नाहीतर समोरचा तुमची वाट बघत बसेल. "आय विल गेट गोइंग, सी यू टुमारो" म्हणा आणि निघा.