पहिला मल्टिप्लेयर गेम: आधी दोन चौकोन पळवा

कॅरेक्टर, मॅप, आवाज सगळं बाजूला ठेवा. पहिल्या आठवड्याचं काम एकच: स्क्रीनवर गेमच्या दोन खिडक्या, प्रत्येकीत दोन रंगीत चौकोन. एका खिडकीत चौकोन हलवला की दुसरीतही हलला पाहिजे.

‘आधी एकट्याचा गेम करू, नेटवर्क शेवटी जोडू’ हा बेत हमखास फसतो. एकट्याच्या गेममध्ये बटण दाबलं की गोळी सुटते, बात संपली. मल्टिप्लेयरमध्ये बटण एका मशीनवर दाबलं जातं, गोळी लागली की नाही ते दुसरं मशीन ठरवतं आणि निकाल सगळ्यांना कळवावा लागतो. हे तीन टप्पे नंतर वेगळे काढायचे म्हणजे जवळपास सगळा कोड पुन्हा लिहिणं.

गेम लहान निवडा: चार खेळाडू, एक मैदान, तीन मिनिटांचा राउंड. टीम अगदीच नवखी असेल तर आळीपाळीने चाली खेळण्याचा गेम घ्या, तिथे उशीर कुणाला जाणवत नाही. ढकलाढकली आणि उसळणारे चेंडू पहिल्या खेपेला नकोच. दोन मशीनवरचं फिजिक्स बघता बघता वेगळं होतं.

गेम बनवायचं इंजिन गोदो ४ फुकट आहे आणि त्यात ईनेट ही नेटवर्कची लायब्ररी आधीपासूनच असते. चार जणांच्या गेममध्ये होस्ट (ज्याच्या मशीनला बाकीचे जोडले जातात तो) स्वतःही खेळत असेल, तर क्लायंटची, म्हणजे जोडल्या जाणाऱ्या बाकीच्यांची, मर्यादा ३ द्या. होस्टचा आयडी नेहमी १ असतो. गोदोत गेममधली प्रत्येक वस्तू म्हणजे नोड, आणि नोड मिळून सीन बनतो. प्रत्येक खेळाडूच्या नोडला त्याचा आयडी हेच नाव द्या, तेही नोड सीनमध्ये टाकण्याआधी. नावं आपोआप पडू दिलीत तर प्रत्येक मशीनवर वेगळी पडू शकतात आणि मग ‘नोड सापडत नाही’च्या एररची रांग लागते.

हालचालीचं इनपुट क्लायंटने पाठवायचं. मार, गुण, मृत्यू यांचा निकाल होस्टनेच द्यायचा. ‘मी त्याला मारलं’ हे क्लायंटच्या तोंडून ऐकून घेऊ नका.

पोझिशन सेकंदाला २० वेळा, अनरिलायबल पाठवा, म्हणजे पोचली की नाही याची खात्री न करता. एखादं पॅकेट हरवलं तरी ५० मिलिसेकंदांत नवं येतंच. जुन्याची वाट बघत बसलात तर गेम अडखळतो. गुण आणि मृत्यू मात्र रिलायबल, म्हणजे पोचल्याची खात्री करून. इतर खेळाडू साधारण १०० मिलिसेकंद मागचे दाखवा आणि आलेल्या दोन पोझिशनच्या मधली जागा भरत जा, नाहीतर ते उड्या मारताना दिसतील.

एकाच कॉम्प्युटरवर सगळं छानच चालतं, कारण तिथे उशीर जवळपास शून्य. म्हणून नेटवर्क मुद्दाम बिघडवणारी साधनं, विंडोजवर क्लम्झी किंवा लिनक्सवर नेटएम, लावून १०० मिलिसेकंद उशीर आणि २ टक्के पॅकेट-लॉस (पॅकेट हरवणं) घाला. खरे बग तिथे सापडतात.

कामाची वाटणी साधी ठेवा: एकाकडे नेटवर्क, एकाकडे खेळाचे नियम, एकाकडे चित्रं आणि मेनू, एकाकडे बिल्ड (खेळायला तयार केलेली गेमची प्रत) आणि टेस्टिंग. मुख्य सीनला एकानेच हात लावायचा. दोघांनी एकच सीन बदलला की गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) दोघांचे बदल मर्ज, म्हणजे एकत्र, करताना डोकं फिरतं. ‘.godot’ फोल्डर गिटमध्ये टाकू नका. स्क्रीनच्या कोपऱ्यात बिल्ड नंबर छापा. ‘माझ्याकडे जॉइन होत नाही’ या तक्रारीत बऱ्याचदा जुनं बिल्डच निघतं.

उरलेल्या तक्रारींचं मूळ बहुधा नेटवर्कमध्ये असतं. होस्टच्या फायरवॉलमध्ये गेमला परवानगी आहे का, ते आधी बघा. कॉलेजचं वाय-फाय अनेकदा एका लॅपटॉपला दुसऱ्याशी बोलूच देत नाही. डेमोला स्वतःचा राउटर न्या. घराघरांतून खेळायचं तर होस्टच्या राउटरवर पोर्ट (बाहेरून गेमपर्यंत येण्याची वाट) उघडावा लागतो, तोही यूडीपीचा, कारण ईनेट डेटा पाठवायची तीच पद्धत वापरतं. टीसीपी या दुसऱ्या पद्धतीचा पोर्ट उघडून लोक तासन्‌तास चूक शोधत बसतात. इंटरनेट कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटला असेल, तर पोर्ट उघडूनही फायदा नाही. मग रिले सर्व्हर घ्या, म्हणजे सगळ्यांचा डेटा मधे राहून इकडून तिकडे पोचवणारा सर्व्हर.

होस्टने मधेच खिडकी बंद केली तर बाकीच्यांना मेनूवर आणून ‘होस्ट गेला’ एवढं तरी दाखवा. परीक्षक नेमकं तेच करून बघतात.