पावतीपुस्तक आधी, देणगी मागून

डिचोलीतल्या आमच्या छोट्या वाचनालयाची मी खजिनदार. १८६०च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला सात सभासद लागतात, ते जमतात. हिशेब सांभाळणारं माणूस मात्र शोधावं लागतं.

पावती देणगीदारासमोरच फाडा. कार्बन नीट बसलाय का बघा. नाव, पत्ता, पॅन तिथल्या तिथे लिहून घ्या. एका वर्षी चतुर्थीला मुंबईहून गावी आलेल्या काकांचा पॅन घ्यायला मी विसरले, आणि ३१ मेच्या आत १०बीडी फॉर्म, म्हणजे आयकर खात्याला द्यायची देणगीदारांची यादी, भरायचा म्हणून त्यांना फोनवर फोन केले. त्यात नाव गेलं नाही तर देणाऱ्याची ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत बुडते. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असली तरीही बुडते, म्हणून क्यूआर कोड टेबलावरच ठेवा.

बँकेत दोन सह्या ठेवा, पण एकाच घरातल्या नकोत.

'वाचनालयाला मदत करा' असं मोघम मागू नका. 'पावसात भिजून कपाट फुगलंय, सुताराने एवढे सांगितलेत' असं सांगा, आणि नवं कपाट आलं की फोटो पाठवा. आमचं कपाट तीन घरांनी मिळून दिलं. वीजबिल आणि ग्रंथपालाच्या मानधनाला मात्र आपणहून कोणी देत नाही. त्यासाठी महिना १०० रुपये देणारे सभासद जोडा.