चाळीस वर्षांनी भेटलेल्या दोघांची कथा लिहिताना

आधी वर्षांचा तक्ता काढा, मग पहिलं वाक्य लिहा. दोघांची जन्मसालं, ताटातुटीचं साल, लग्नं, मुलं, जोडीदाराचं जाणं आणि पुन्हा भेट, एवढं एका कागदावर हवं. तरुण प्रेमाच्या कथेत पाच वर्षं इकडेतिकडे झाली तरी चालून जातं. इथे चुकलं की वाचक हिशोब घालतो आणि चाळिशीतल्या नायिकेचा मुलगा बत्तिसाचा निघतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. तो 1958चा, ती 1961ची, दोघं लालबागच्या एकाच चाळीतले. 18 जानेवारी 1982ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, त्या वर्षी तो 24चा, ती 21ची. तिचं लग्न मे 1983मध्ये, मुलगा 1985चा. नवरा पोस्टात होता, 2019मध्ये गेला. नायकाची बायको त्या नवऱ्याच्याही आधी गेली. भेट नोव्हेंबर 2024मध्ये. म्हणजे तो 66, ती 63, मुलगा 39चा, नात नऊ-दहाची. आता प्रत्येक प्रसंगाला जमीन मिळाली.

ताटातूट कशाने झाली?

या प्रकारातल्या बहुतेक कथा इथे पडतात. हरवलेलं पत्र, चोरलेली चिठ्ठी, ऐनवेळी चुकलेली गाडी ही कारणं घेऊ नका. गैरसमज असेल तर पाच मिनिटांच्या बोलण्यात तो मिटतो आणि पुढची पंधरा पानं रिकामी राहतात. कारण दोघांपैकी एकाच्या स्वभावात हवं आणि काळाने त्याला धार दिलेली हवी.

आपल्या उदाहरणात तो तिला म्हणाला होता, “संप मिटला की घरी बोलतो.” संप मिटला नाही, अधिकृतपणे तो कधी मागे घेतलाच गेला नाही. पगार बंद, तोंड दाखवायची लाज, म्हणून तो न सांगता भिवंडीला मागावर कामाला गेला. तिने वर्षभर वाट पाहिली. संप नसता तर कदाचित तो बोलला असता, पण न सांगता जाणं त्याचंच. दुसऱ्या संधीची परीक्षाही इथूनच निघते: तेव्हा जे घरी बोलला नाही, ते आता तिच्या मुलासमोर बसून बोलायचं.

भेटीला एक योगायोग माफ आहे, तोही सुरुवातीलाच. दोघांचं तिथे येणं मात्र रोजच्या कामातून यावं. नोव्हेंबरात पेन्शनर हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जातात. ती कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आलेली, तो पासबुक भरून घ्यायला. त्याच्या पिशवीत गिरणीचं जुनं ओळखपत्र ठेवता येईल, कारण गिरणी कामगारांच्या घरांसाठी असे कागद लोकांनी वर्षानुवर्षं जपलेत.

आता नावाचा प्रश्न. आपल्याकडे लग्नात आडनाव बहुधा बदलतं, पुष्कळदा तांदळाच्या ताटात नवं नावही लिहिलं जातं. माहेरची शालन सासरी सुनंदा झाली. काउंटरवरून “सुनंदाबाई” अशी हाक येते तेव्हा तो मान वर करत नाही. तिचा आवाज ऐकून बघतो आणि “शालन?” म्हणतो. आईवडील गेल्यापासून त्या नावाने तिला कोणी हाक मारलेली नाही. हे एवढंच लिहा, वर भावनेचं वाक्य चढवू नका.

तू, तुम्ही आणि मधली वाट

मराठीत लिहिणाऱ्याला सर्वनाम हे मोठं हत्यार मिळालंय. चाळीत ती दोघं “तू” म्हणायची. बेचाळीस वर्षांनी, पाच माणसांसमोर, “तू” लगेच तोंडात येणार नाही आणि “तुम्ही” घशात अडकेल. अशा वेळी आपण सर्वनामच गाळतो:

“कधी येणं झालं?”
“आत्ताच. रांग मोठी आहे.”
“घरी कोण कोण असतं?”
“मुलगा, सून, नात. तिकडे?”
“मी एकटाच.”

दोनतीन भेटी असंच चालू द्या. पहिला “तू” कोणाच्या तोंडून आणि कोणत्या क्षणी निघतो ते आधी ठरवून ठेवा, तो कथेचा सांधा आहे. रागात निघालेला “तू” लाडात निघालेल्यापेक्षा बहुधा जास्त काम करतो: “तू तेव्हाही असाच गप्प बसलास.”

निवेदनातही हा निर्णय घ्यावा लागतो. वर्तमानात “त्या बाकावर बसल्या” आणि आठवणीत “ती जिन्यात बसली” असं ठेवलं तर दोन काळ आपोआप वेगळे दिसतात. मात्र “आजी” आणि “आजोबा” निवेदकाच्या तोंडी नकोत. त्या शब्दांनी ती कुणाची तरी आजी होते आणि तिची स्वतःची इच्छा वाचकाला दिसेनाशी होते.

शरीर

वय दाखवायला पांढरे केस आणि काठी पुरत नाही. वयाने ऐकू कमी येऊ लागतं तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ निसटतात आणि गोंगाटात तर जास्तच. म्हणजे बँकेत तिचं अर्धं वाक्य त्याला कळत नाही आणि तो उगाच हसतो. गुडघ्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या घरी जायला लागणारा वेळ बदलतो, म्हणून जिन्यातलं बोलणंही लांबतं.

स्पर्श याच कामांतून आणा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळ्यात थेंब घालावे लागतात आणि एकट्या माणसाला ते नीट जमत नाही. ती हात साबणाने धुते, त्याला मान मागे टाकायला सांगते, खालची पापणी बोटाने हलकेच ओढते. बाटलीचं टोक पापणीला लागू देत नाही. पहिला थेंब गालावर जातो. दुसरा पडतो आणि तो डोळा मिटतो, तरी तिचा हात लगेच निघत नाही. इथे तिने पदराने डोळा टिपला असं लिहिलंत तर जाणता वाचक दचकेल, कारण शस्त्रक्रियेनंतर डोळ्याला असं कापड लावत नाहीत. स्वच्छ कापसाने तिने गाल टिपावा.

आताचा अडथळा

“लोक काय म्हणतील” एवढ्यावर कथा उभी राहत नाही. कागदपत्रं बघा. केंद्र सरकारच्या नियमांत पुनर्विवाह केला की विधवेचं कुटुंब निवृत्तिवेतन साधारणपणे थांबतं. निपुत्रिक विधवेला मात्र, इतर उत्पन्न ठराविक मर्यादेच्या आत असेल तर, ते पुढेही मिळू शकतं. आपल्या नायिकेला मुलगा आहे, म्हणजे लग्न केलं तर तिचं हातातलं उत्पन्न जाणार. लग्न न करता एकत्र राहायचं तर सुनेच्या माहेरच्यांना काय सांगायचं? नवरा राज्य सरकारात किंवा खासगी नोकरीत दाखवलात तर त्या सेवेचे नियम आधी वाचून घ्या.

त्याला दोन मुलं दिलीत तर तिथेही गाठ आहे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला आणि त्याची आई हयात नसेल, तर पत्नी आणि दोन मुलं यांना सारखे वाटे, म्हणजे नव्या बायकोला एक तृतीयांश. त्याच्या मुलाचा विरोध या भीतीतून आला की तो खलनायक राहत नाही. लग्न 1954च्या विशेष विवाह कायद्याखाली दाखवायचं असेल तर नोटिशीनंतर 30 दिवस थांबावं लागतं आणि ती नोटीस कार्यालयात लावतात. पुतण्याने ती फळ्यावर वाचणं हा आयता प्रसंग आहे.

गेलेल्या जोडीदारांना मात्र वाईट करू नका. पोस्टातला नवरा दारुडा, मारकुटा दाखवला की तिचा निर्णय सोपा होतो आणि कथा स्वस्त. तो भला माणूस असू द्या. त्याचा फोटो भिंतीवरच राहू द्या, आणि नव्या घरात तो लावायचा का, यावर त्या दोघांना एकदा बोलू द्या.

मापं

दिवाळी अंकासाठी साडेतीन हजार शब्द धरा. पहिल्या चारशेत भेट व्हावी. भूतकाळ एकूण आठशेच्या वर नको आणि तो तीन तुकड्यांत यावा; सलग दिला की चाळीतली तरुण जोडीच नायक-नायिका होते. ताटातुटीचं खरं कारण दोन हजारांच्या आसपास उघड करा, मुलासमोरचं बोलणं तीन हजारांवर. त्यानंतर उरलेल्या पाचशे शब्दांत कोणालाही हार्ट अटॅक देऊ नका. मरण आणून कथा संपवणं म्हणजे या दोघांना पुन्हा तीच शिक्षा देणं.

शेवटचा प्रसंग लहान ठेवा. पुढच्या नोव्हेंबरात ती बँकेत दाखला द्यायला येते किंवा आता यायची गरज उरलेली नसते. यातलं कोणतं, ते तिने पेन्शनचं काय ठरवलं त्यावरून ठरेल.