पान चमकलं, पण कशामुळे? या चुका टाळा

दर पावसाळ्यात लॅबमध्ये नवी पोरं येतात आणि महिन्याभरात धावत माझ्या टेबलाशी: "मॅडम, एलपीएस टाकलं, आरओएस आला!"

एलपीएस म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड. जिवाणू ओळखला की पान हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे ऑक्सिजनचे जहाल रेणू, म्हणजेच आरओएस, सोडतं आणि ल्युमिनॉल या रसायनामुळे त्यांचा उजेड दिसतो. पण नळीवर आपण एलपीएस लिहिलं म्हणून आत तेवढंच असतं का?

डोंबिवलीहून येणाऱ्या एका मुलीनं स्युडोमोनास या जिवाणूपासून फिनॉल वापरून एलपीएस काढलं. अरबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या प्रयोगाच्या रोपाच्या पानावर दहा-बारा मिनिटांत झकास शिखर. स्लाइडही तयार. म्हटलं, एकदा एफएलएस२ हा रिसेप्टर (जिवाणूचा अंश ओळखणारं पानातलं प्रथिन) नसलेल्या म्युटंटवर, म्हणजे जनुक बिघडलेल्या रोपावर, टाक. रेघ आडवी! पान ओळखत होतं ते जिवाणूच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन हे प्रथिन. त्यातल्या २२ अमिनो आम्लांच्या तुकड्याची नॅनोमोलर मात्राही एफएलएस२ला पुरते, त्यामुळे धुण्यात राहिलेला अंशही भोवतो. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. तेव्हापासून एफएलएस२, ईएफआर आणि लोर, या तिन्ही रिसेप्टरांचे म्युटंट त्याच प्लेटवर नसतील तर मी आलेखाकडे बघतच नाही.

असं मुरलेल्यांचंही होतं. २०१५ साली लोर हा एलपीएसचा रिसेप्टर म्हणून जाहीर झाला. २०१९ मध्ये कळलं की तो ओळखतो एलपीएससोबत येणारी मध्यम लांबीची ३-हायड्रॉक्सी मेदाम्लं.

दुसरा माझा राग मोजणीसाठी कापलेल्या पानाच्या चकत्यांवर. कापल्या, अर्ध्या तासात मोजल्या, कारण ५:४०ची फास्ट पकडायची असते. कापणं हीच जखम. मग नुसतं पाणी टाकलेला कंट्रोलही चमकतो. चकत्या रात्रभर पाण्यावर तरंगत ठेवा, सकाळी पाणी बदलून मोजा. मी शेवटच्या तासाला चकत्या कापायचा बोरर कपाटात घालून चावी घरी नेते. हसा खुशाल.

लोर मोहरीच्या कुळापुरता आहे. टोमॅटोवर ती आम्लं टाकून रडू नका.

फ्लॅजेलिनचा तुकडा टाकूनही काही आलं नाही? पेप्टाइड विकणाऱ्याला शिव्या देण्याआधी बियांचं पाकीट वाचा. अरबिडॉप्सिसच्या डब्ल्यूएस-० या वाणात एफएलएस२ कामच करत नाही.

जुलैत वीज गेली की वाढकक्ष तापतो. ती झाडं वापरू नका.

आणि ल्युमिनॉल उजेडात कोण ठेवतं रोज? फॉइल डावीकडच्या ड्रॉवरमध्ये आहे.