नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनल उघडून पाहा

चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लागतात, हॉर्नही वाजतो, पण सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, एकदा ‘टक्’ करून गप्प बसतो. बॅटरी गेली असं धरून दुकान गाठण्याआधी बॉनेट उघडा. टर्मिनलवर पांढरा किंवा निळसर-हिरवा भुगा चढलेला असेल, तर दोष बॅटरीत नसून जोडात असण्याची शक्यता बरीच आहे. तो जोड तासाभरात, चमचाभर खाण्याच्या सोड्यावर ठीक होतो.

दिवे लागतात, मग सेल्फ का फिरत नाही? छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ १०० अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढतो. खराब जोडाचा रोध ०.०२ ओहम जरी असला, तरी १०० अँपिअरला तिथेच २ व्होल्ट खर्ची पडतात. दिव्यांना १० अँपिअर पुरतात, त्यांचं ०.२ व्होल्टचं नुकसान डोळ्यांना कळतसुद्धा नाही. म्हणून दिवे लागले म्हणजे जोड चांगला, हे गणित चुकतं.

भुग्याचा रंग नीट बघून ठेवा. पांढरा थर मुख्यतः लेड सल्फेटचा. निळसर-हिरवा म्हणजे मोरचूद. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाला वापरतात तेच. याचा अर्थ बॅटरीतलं ॲसिड पितळी क्लॅम्पपर्यंत, म्हणजे केबलच्या टोकाच्या पकडीपर्यंत, किंवा केबलच्या तांब्यापर्यंत पोहोचलंय. अशा वेळी नुसती वरवरची सफाई पुरत नाही, केबलही तपासावी लागते.

मल्टीमीटर असेल तर आधी खात्री करून घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, म्हणजे पोस्टवर, मधोमध दाबा आणि दुसरं त्यावरच्या क्लॅम्पवर. दुसऱ्या कुणाला तरी दोन-तीन सेकंद सेल्फ मारायला सांगा. चांगल्या जोडावर आकडा ०.१ च्या आत राहतो. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर चोर सापडला. दोन्ही टर्मिनलना हे करा. जोड ठीक निघाले आणि सेल्फ मारताना खुद्द बॅटरीच्या दोन पोस्टमधला व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर मात्र बॅटरीच चार्ज करून तपासून घ्यायला हवी.

साहित्य फारसं नाही: १० नंबरचा पाना (काही गाड्यांना १३), तारेचा ब्रश, जुना टूथब्रश, १०० नंबरचा पॉलिश पेपर, खाण्याचा सोडा, गरम पाणी, व्हॅसलिन, रबरी हातमोजे आणि चष्मा. अंगठी, कडं, लोंबती साखळी काढून ठेवा. पाना आणि अंगठी मिळून शॉर्ट झालं तर अंगठी क्षणात लाल होते. कपडे जुने घाला. सुती कपड्यावर पडलेलं ॲसिड तेव्हा दिसत नाही, पहिल्या धुण्यात भोकं पडतात. डोळ्यात थेंब गेला तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि तडक डॉक्टरकडे जा. बॅटरीजवळ बिडी-काडी नको, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

गाडी बंद करा आणि आधी निगेटिव्ह सोडवा. उलट केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला, तर पूर्ण बॅटरी पान्यातून शॉर्ट होते. निगेटिव्ह सुटलेला असेल तर टेकूनही काही होत नाही. इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटा सेन्सर असतो. त्यावर पाणी ओतू नका, जोर लावू नका. बॅटरी काढल्यावर घड्याळ नव्याने लावावं लागतं, काही गाड्यांत रेडिओ कोड मागतो. तो आधीच शोधून ठेवा.

क्लॅम्प अडकला की स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटायची सवय घातक आहे. पोस्ट शिशाची, म्हणजे मऊ. ती हलली की तिच्याभोवतीचं सील फाटतं आणि ॲसिड कायमचं झिरपायला लागतं. नट पूर्ण ढिला करा, क्लॅम्पची फट स्क्रूड्रायव्हरने जराशी रुंदावा, वर सोड्याचं गरम पाणी टाकून पाच मिनिटं थांबा आणि हलके हलके फिरवत वर ओढा.

कपभर गरम पाण्यात एक मोठा चमचा सोडा पुरतो. बॅटरीची झाकणं घट्ट आहेत ना ते आधी पाहा. सोडा आत गेला तर तो आतलं ॲसिडच मारतो. पाणी ओता, टूथब्रशने घासा. फसफस थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा करा, मग साध्या पाण्याने धुऊन कोरडं पुसा. क्लॅम्प सोड्याच्या पाण्यात बुडवता येतात, केबलचं उघडं टोक मात्र बुडवू नका. कोल्ड्रिंक ओतायचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. पण ते स्वतःच आम्ल, शिवाय साखरेचा चिकटा मागे राहतो. जमल्यास बॅटरी बाहेर काढून खालचा ट्रेही सोड्याने धुवा, तिथला पत्रा गुपचूप सडत असतो.

खरं काम यानंतर सुरू होतं. करंट जातो तो पोस्टच्या बाजूने आणि क्लॅम्पच्या आतल्या गोलाईतून, आणि ती जागा बाहेरून दिसतच नाही. वरचा भुगा धुऊन लखलखीत केलेली बॅटरी चालत नाही, ती यामुळेच. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून दोन्ही पृष्ठभागांवरचा काळपट थर जाईपर्यंत घासा. शिसं चकाकलं की थांबा. जास्त घासलंत तर पोस्ट बारीक होते, नट पूर्ण आवळूनही क्लॅम्प फिरत राहतो आणि मग मध्ये पत्र्याचे तुकडे कोंबण्याचा प्रकार सुरू होतो. पॉझिटिव्ह पोस्ट निगेटिव्हपेक्षा दीड-पावणेदोन मिमी जाड असते. बाजारातून नवा क्लॅम्प आणताना हे विसरू नका.

लावताना क्रम उलटा: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. क्लॅम्प हाताने दाबून पूर्ण खाली बसवा, हातोडी नाही. हाताने पिळून हलत नाही इतपत आवळलं की बास. व्हॅसलिन सगळ्यात शेवटी, वरून. ते वीज वाहत नाही, फक्त ओलावा आणि ॲसिडची वाफ अडवतं.

आता केबल. क्लॅम्पजवळचा भाग फुगलेला, कडक किंवा वाकवताना करकरणारा लागला तर ॲसिड तारांमधून आत चढलंय. आवरण इंचभर सोला. लालसर तांबं दिसलं तर तिथून कापून नवं थिंबल (केबलच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बसवता, म्हणजे क्रिंप करता येतं, केबलची लांबी पुरत असेल तर. काळं-हिरवं असेल तर पूर्ण केबल बदला, तेवढ्याच जाडीची. दोन बोल्टच्या पट्टीत केबल आवळणारे तयार क्लॅम्प रस्त्यात निभावण्यापुरते ठीक, त्यांच्या उघड्या तारांत पुन्हा मोरचूद जमतो. निगेटिव्ह केबलचं दुसरं टोक बॉडीला आणि इंजिनला जिथे बोल्टने जोडलंय, तेही सोडवून घासा. कोकणातल्या खारट, दमट हवेत वरचे टर्मिनल स्वच्छ असूनही हे अर्थिंग गंजलेलं सापडतं.

भुगा महिनाभरात परत आला तर इंजिन चालू ठेवून बॅटरीचा व्होल्टेज मोजा. साधारण १३.८ ते १४.५ हवा. गाडी गरम झाल्यावरही १५ च्या आसपास राहत असेल तर अल्टरनेटरचा (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) रेग्युलेटर जास्त चार्ज करतोय, बॅटरी उकळून ॲसिडची वाफ बाहेर पडतेय. डिस्टिल्ड वॉटर वरच्या रेषेपलीकडे भरलं असेल तरी हेच होतं. दसऱ्याला बॅटरीवर हळदकुंकू आणि नारळाचं पाणी शिंपडणाऱ्यांनी पूजेनंतर फडकं तरी फिरवावं. आणि चार्जिंग ठीक असूनही एकाच पोस्टच्या मुळाशी ओल येत असेल तर तिचं सील गेलंय. ते दुरुस्त होत नाही. बॅटरी वॉरंटीत असेल तर विक्रेत्याला दाखवा.